तीन आठवडे डोकं दुखत होतं, आणि आम्ही उन्हाला दोष देत होतो

आडबंदर (२७ जुलै, रात्री ९:५०)

मंडळी, हे लिहावं की नाही यावर घरात बरंच बोलणं झालं. शेवटी ताई म्हणाली, नाव-गाव घालू नकोस, पण लिही. म्हणून लिहितोय.

माझे भावोजी सेहेचाळीस वर्षांचे. देवगड तालुक्यात त्यांची कलमं आहेत. पाच वर्षांपूर्वी त्यांची किडनी बदलली, ताईनेच आपली दिली. तेव्हापासून रोज टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड. शरीराने नवी किडनी परकी म्हणून झिडकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते, एवढं आम्हांला ठाऊक होतं. तिच्या जागी दुसरं काय आत शिरू शकतं ते ठाऊक नव्हतं.

एप्रिल अखेर, आंब्याची ऐन गडबड. भावोजी दिवसभर बागेत नाहीतर पेट्या भरायच्या शेडमध्ये. डोकं दुखतं म्हणायला लागले. ताप असा नाही, रात्री थोडी कणकण. सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली, चार दिवस बरं वाटलं. मग सायनस असेल म्हणून दुसरीकडे औषध घेतलं. दुखणं सकाळी जास्त, खोकलं-वाकलं की जास्त. पंधराव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि भावोजी म्हणाले, मला एकाचे दोन दिसतात. आम्ही चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी डोळ्यांत थेंब घालून आत बघितलं आणि चष्म्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, डोळ्यामागच्या नसेला सूज आहे, म्हणजे डोक्यात दाब वाढलाय, आज रात्रीच मोठ्या हॉस्पिटलात न्या. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

गोव्याला नेलं. एमआरआयमध्ये फारसं काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, मणक्यातलं पाणी काढून तपासायला हवं. आणि इथे आम्ही चूक केली. आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं, कमरेत सुई घालून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो. ताई रडायला लागली, मी सही करायला नकार दिला. दीड दिवस आम्ही अडून बसलो. दुसऱ्या रात्री भावोजींनी मला माझ्या वारलेल्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, होडी लागली का रे बंदराला? आमच्या घरात होडी असल्याला तीस वर्षं झाली. तेव्हा मी सही केली.

पाण्याचा दाब मोजला तो ४२ सेंटिमीटर. साधारण २० पर्यंत असावा असं सांगितलं. त्या पाण्यात यीस्ट जातीची बुरशी सापडली, क्रिप्टोकॉकस. नाव पहिल्यांदाच ऐकलं. जास्तीचं पाणी काढल्यावर तासाभरात भावोजींनी डोळे उघडले आणि चहा मागितला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

पुढची गोष्ट लांब आहे, विचाराल तसं सांगेन. आज ते घरी आहेत. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, बाकी ठीक. लिहायचं कारण हे की, आपल्या ओळखीत किडनी बदललेले, कायम स्टेरॉइडवर असलेले, कॅन्सरची औषधं घेणारे, एचआयव्हीच्या गोळ्या घेणारे कोणी असतील आणि त्यांचं डोकं आठवडाभर थांबत नसेल, तर ते ऊन नाही. ते दीड दिवस मला रोज आठवतात.

कातळसडा (२७ जुलै, रात्री १०:३२)

वाचून सुन्न झालो. भावोजींना लवकर पूर्ण बरं वाटो. एक अडाण्याचा प्रश्न विचारतो. यीस्ट म्हणजे पावात घालतात तेच ना? आमच्याकडे माडी उतरवतात, ती दुपारपर्यंत फसफसते तीही यीस्टमुळेच. आंबोळीचं पीठ आंबतं त्यातही असतं म्हणतात. मग रोजच्या खाण्यातली गोष्ट मेंदूत कशी जाते? की ही वेगळी?

काचपट्टी (२७ जुलै, रात्री ११:४५)

आडबंदर, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, मणक्याचं पाणी तपासणं हे माझ्या रोजच्या कामातलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कातळसडा, प्रश्न अडाणीपणाचा अजिबात नाही. यीस्ट हे एका जातीचं नाव नव्हे, ती बुरशीची राहण्याची एक तऱ्हा. भिंतीवरची बुरशी किंवा शिळ्या भाकरीवरची बुरशी धागे धरते. यीस्ट एकेकट्या गोल पेशींनी जगतं आणि त्यांना कोंब फुटून नव्या पेशी होतात. पावातलं आणि माडीतलं ते मुख्यतः सॅकरोमायसिस. माडी-आंबोळीने मेंदूत बुरशी जात नाही. क्रिप्टोकॉकस हे दूरचं भावंडही म्हणता येणार नाही, बुरशींच्या वंशावळीत ते अळंब्यांच्या बाजूला बसतं. कॅन्डिडा हे तिसरं यीस्ट. ते आपल्या तोंडात, आतड्यात एरवी शांत असतं, पण दिवस पूर्ण न भरता जन्मलेल्या बाळांच्या रक्तात उतरलं तर मेंदूपर्यंत जाऊ शकतं.

क्रिप्टोकॉकस पहिल्यांदा सापडलं १८९४ मध्ये. इटलीत सान्फेलिचे यांना ते पीच फळाच्या रसात दिसलं आणि त्याच सुमारास जर्मनीत बुसे यांना एका बाईच्या नडगीच्या हाडातल्या गाठीत. म्हणजे एकाच वेळी फळात आणि माणसात. पुढे १९५५ मध्ये एमन्स यांनी कबुतरांच्या विष्ठेत ते दाखवलं. झाडांच्या ढोलीतल्या कुजक्या लाकडातही ते राहतं. त्याचीच बहीण जात गॅटी, ती ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांवर सापडली. आपल्याकडे जांभळासारख्या झाडांच्या ढोल्यांतही या बुरशी मिळाल्या आहेत.

आता ते आत कसं जातं. सुकलेल्या कणांतून श्वासावाटे फुप्फुसात. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या फुप्फुसात ते कधी ना कधी गेलेलं असतं. निरोगी माणसाच्या पेशी त्याला मारतात किंवा कोंडून ठेवतात, आणि त्याला काही कळतही नाही. प्रतिकारशक्ती खचली की कोंडलेलं यीस्ट वर्षांनंतरही सुटू शकतं. म्हणून भावोजींना हे शेडमधून आलं की दहा वर्षांपूर्वी कुठल्या देवळाच्या माळ्यावरून, हे कोणी सांगू शकणार नाही. ताईंनी त्यासाठी स्वतःला दोष देऊ नये.

या पेशीभोवती एक जाड, बुळबुळीत कवच असतं. पहिल्या पावसात शेतात बेडकाची अंडी बघितली असतील, त्यांच्याभोवती जसा थर असतो तसं. ते कवच आपल्या संरक्षक पेशींना तिच्यावर पकड घेऊ देत नाही. आणि गिळलं तरी हे यीस्ट त्या पेशीच्या पोटात जिवंत राहतं, वाढतंही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात, सहसा जंतूंना वाट देत नाहीत. पण संरक्षक पेशींना जा-ये असते. त्यांच्याच पोटात बसून काही यीस्ट पलीकडे जातं, काही थेट भिंतीच्या पेशींतून वाट काढतं. मेंदूत डोपामिनसारखी द्रव्यं असतात, त्यांपासून ते मेलॅनिन बनवतं आणि त्या रंगद्रव्याच्या आड आणखी सुरक्षित होतं.

आणि दाब का वाढतो? मेंदूभोवतीचं पाणी दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतं आणि तेवढंच रक्तात जिरतं. कवचाचा चिकट माल आणि पेशी त्या जिरायच्या वाटा बुजवतात. व्हाळाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की पाणी जसं मागे फुगतं, तेच. म्हणून मान आखडणं, कडक ताप ही मेंदूज्वराची ओळखीची लक्षणं यात कित्येकदा नसतातच. दिसतं ते रेंगाळणारं डोकेदुखीचं दुखणं, उलट्या, दोन दोन दिसणं, कानाला कमी येणं, माणूस वेगळंच बोलू लागणं. भावोजींचं वर्णन पुस्तकात घालावं असं आहे.

उशीर झालाय, तपासणीबद्दल उद्या लिहिते.

सुरंगी (२८ जुलै, सकाळी ७:०५)

आडबंदर, तुमचा वाचून अंगावर काटो इलो. माझ्या मावसभावाक ह्याच झाला होता, सात वर्सां झाली. तेका एचआयव्ही होतो, पण घरात कोणाक ठावक नाय. मुंबैक कामाक होतो, थयसून गोळये घेय. गावाक इलो काय गोळये बंद, कित्याक तर आये बघीत म्हणान. डोकां दुखूक लागला तेव्हा आमी बाहेरचा काय लागला असात म्हणान गाऱ्हाणा घातला, नारळ दिलो. दोन आठवडे थयच गेले. मगे पाठीतला पाणी काढल्यानी, टीबीचो मेंदूज्वर म्हणान औषध चालू केल्यानी. तरी उलट्ये थांबत नाय. तेना डॉक्टराकसुद्धा आपला खरा दुखणा सांगूक नव्हता. शेवटाक वहिनीन पिशयेतली जुनी चिठ्ठी काढून दाखवली, तेव्हा परत पाणी तपासल्यानी आणि ही बुरशी गावली. तवसर उशीर झाल्लो. चवथ्या दिवशी गेलो.

मी खूप वर्सां तेच्यावर रागान होतंय, लपवलान म्हणान. आज वाटता, आमका सांगण्यासारखा आमी कधी वागलोच नाय.

काचपट्टी (२८ जुलै, दुपारी २:२०)

सुरंगी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून काही वेळ काहीच लिहिता आलं नाही.

टीबी आणि क्रिप्टोकॉकस यांची गल्लत होते ती का, ते सांगते. दोन्हींत पाण्यातली साखर कमी, प्रथिनं जास्त, आणि पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट अधिक. दोन्ही आठवडेच्या आठवडे हळूहळू चढतात. आपल्या देशात टीबी इतका आहे की मनात आधी तोच येतो, आणि ते चूकही नाही. पण त्याच पाण्याच्या दोन थेंबांवर दुसरी तपासणी सहज करता येते. काचेच्या पट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात काळ्या शाईचा थेंब. शाई कवचात शिरत नाही, म्हणून काळ्याभोर पार्श्वभूमीवर प्रत्येक पेशी उजळ वलयासह दिसते. एका मिलिमीटरमध्ये दोनशे पेशी रांगेत बसतील एवढ्या लहान, पण एकदा बघितलं की डोळा विसरत नाही. पेशी कमी असतील तर शाईत त्या निसटतात. म्हणून दुसरी पट्टी, क्रिप्टोकॉकल अँटिजेनची, म्हणजे त्या कवचाचे कण ओळखणारी. गर्भाच्या चाचणीची पट्टी असते तशीच दिसते. पाण्यावर किंवा रक्तावर चालते, दहाएक मिनिटांत दोन रेघा येतात की एक ते कळतं. आणि पाणी कल्चरलाही लावायचं, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढतात का ते बघायचं, कारण जिवंत पेशी आहेत का ते तिथेच कळतं.

रुग्णाच्या माणसांनी एवढंच विचारलं तरी पुरे: "पाण्याची क्रिप्टोकॉकसची तपासणी लावलीय का?" कुठलाही भला डॉक्टर या प्रश्नाने रागावणार नाही.

चिवार (२८ जुलै, रात्री ८:१०)

आडबंदर, राग मानू नका, पण माझ्या आजोबांना पाणी काढल्यावर वर्षभर कंबरदुखी होती. भीती अगदीच खोटी नाही ना?

आडबंदर (२८ जुलै, रात्री ९:३०)

राग कसला, हाच प्रश्न मी त्या डॉक्टरांना विचारला होता. त्यांनी माझ्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई जाते ती त्याच्या खालून, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीतून. तिथे रज्जू नाहीच, पाण्यात तरंगणाऱ्या नसांचे धागे आहेत, ते सुईपुढून बाजूला सरकतात. त्या जागेवर काही दिवस दुखू शकतं, पाणी काढल्यावर डोकं दुखू शकतं. सुई घालण्याआधी डोक्यात गाठ वगैरे नाही ना हे स्कॅनवर बघतात, रक्त गोठतंय ना तेही बघतात. भावोजींना एकूण पाच वेळा काढलं. दुसऱ्या वेळेपासून ते स्वतःच कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेत, कारण काढल्यावर डोकं हलकं होतं हे त्यांना कळलं होतं. म्हणजे तपासणीही तीच आणि उपचारही तोच. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी दीड दिवस घालवला नसता.

औषधांचं सांगतो. अँफोटेरिसिन, लायपोसोमल जातीचं, शिरेतून रोज, दोन आठवडे. सोबत फ्लुसायटोसिन नावाच्या गोळ्या दर सहा तासांनी. या गोळ्या जवळपास मिळाल्या नाहीत, माझ्या मित्राने मुंबईत चार ठिकाणी फिरून मिळवल्या आणि रात्रीच्या गाडीने पाठवल्या. रोज रक्त: क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की हा आकडा वाढतो), पोटॅशियम, मॅग्नेशियम. अँफोटेरिसिन किडनीला त्रास देतं, आणि इथे तर ताईची दिलेली एकच किडनी. ताई रोज सकाळी रिपोर्टच्या कागदाकडे बघत बसायची, क्रिएटिनिन १.४ वरून १.९ वर गेलं तेव्हा तिने जेवण सोडलं होतं. सलाईन दिल्यावर ते परत खाली आलं, पोटॅशियमही भरावं लागलं. दोन आठवड्यांनी पाण्यात जिवंत यीस्ट उरलं नाही हे कल्चरवरून कळलं, मग फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या. आधी मोठा डोस दोन महिने, आता कमी डोस, निदान वर्षभर.

देवचाफा (२९ जुलै, सकाळी ११:१५)

भावोजींना गुळवेलीचा काढा सुरू करा. आमच्या परसात मुबलक आहे, हवी तर पाठवते. प्रतिकारशक्ती वाढली की बुरशी आपोआप जाईल. मनापासून सांगतेय.

काचपट्टी (२९ जुलै, दुपारी १:०५)

देवचाफा, तुमची माया कळते, पण कृपा करून किडनी बदललेल्या कोणालाही हे देऊ नका. त्यांची प्रतिकारशक्ती वाढली तर ती आधी किडनीवर उलटेल, ताईंची दिलेली किडनी जाईल. ती किती दाबायची आणि आता संसर्गात किती सैल सोडायची हे किडनीचे डॉक्टर रक्तातल्या पातळ्या बघून हळूहळू ठरवतात. एकदम सैल सोडली तर मेंदूतल्या मेलेल्या यीस्टवरही शरीर इतकं तुटून पडतं की सूज वाढून रुग्ण पुन्हा बिघडतो.

आणखी एक. फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमसला यकृतात मोडू देत नाही, त्यामुळे त्याची रक्तातली पातळी चढते. आडबंदर, टॅक्रोलिमसचा डोस कमी केला असेलच, पण फ्लुकोनॅझोलचा डोस बदलेल किंवा थांबेल त्या दिवशीही पातळी पुन्हा तपासायला लावा. तेव्हा ती उलट खाली घसरते.

आडबंदर (२९ जुलै, दुपारी ३:४०)

हो, निम्म्याहून कमी केला आहे. थांबवतानाचं मात्र माहीत नव्हतं. लिहून भिंतीवर लावलं.

देवचाफा, तुम्ही आपुलकीने लिहिलंत, त्याबद्दल आभारच.

हातातहात (३० जुलै, संध्याकाळी ६:२५)

मी रत्नागिरी जिल्ह्यात एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, समुपदेशक आहे. सुरंगी, तुमच्या भावासारखी माणसं मला दर महिन्याला भेटतात. गणपतीला, शिमग्याला गावी आले की गोळ्या बंद, कारण घरात लपवायला जागा नाही. म्हणून हे लिहिते.

एचआयव्हीची माहिती कोणाला द्यायची हा त्या माणसाचा हक्क आहे. २०१७ च्या कायद्याने तो दिलाय, आणि नोकरीत, उपचारात भेदभाव करायला बंदीही त्याच कायद्याने. गोळ्या आणि तपासण्या एआरटी केंद्रावर मोफत. गावी जास्त दिवस राहायचं असेल तर आधी सांगा, जवळच्या केंद्रातून गोळ्या मिळायची सोय होऊ शकते. डबीवरचं लेबल काढून साध्या डबीत गोळ्या घेऊन जाणारेही आहेत, मी त्यांना कधी नावं ठेवत नाही. गोळी पोटात गेली पाहिजे. १०९७ या नंबरवर फोन केला तर नाव न सांगताही माहिती मिळते.

आता या आजाराबद्दल. सीडी४ नावाच्या संरक्षक पेशी निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० च्या वर असतात. त्या १०० च्या खाली गेल्या की क्रिप्टोकॉकसचा धोका फार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की अशा प्रत्येकाची, आणि शक्य असेल तर २०० च्या खालच्यांचीही, डोकं दुखत नसताना रक्ताची अँटिजेन पट्टी करावी. कारण मेंदूत त्रास सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी ती रक्तात दिसू शकते. तेव्हाच पाणी तपासून, मेंदूत नसेल तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांवर आवरता येतं. काचपट्टी यांनी सांगितलेली ती दहा मिनिटांची पट्टी हीच.

२०२० सालासाठीचा जगाचा अंदाज आहे, एचआयव्ही असलेल्यांत या मेंदूज्वराचे सुमारे १,५२,००० रुग्ण आणि १,१२,००० मृत्यू. एड्समुळे होणाऱ्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. २०२२ मध्ये संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आहे.

चांगलं सांगायचं तर, त्याच वर्षी आफ्रिकेतल्या पाच देशांतल्या ८४४ रुग्णांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, हे आठवडाभर रोज शिरेतून अँफोटेरिसिन देण्याइतकंच उपयोगी ठरलं आणि त्रास कमी. दहा आठवड्यांतले मृत्यू २४.८ टक्के, जुन्या पद्धतीत २८.७. चारातला एक तरीही जातो, हे विसरत नाही. हा अभ्यास एचआयव्ही असलेल्यांवरचा, किडनीच्या रुग्णांना तो तसाच लावत नाहीत, म्हणून भावोजींना दोन आठवडे रोज दिलं ते योग्यच.

सगळ्यांत नाजूक गोष्ट अशी की, मेंदूत हा आजार असताना एचआयव्हीच्या गोळ्या लगेच सुरू करत नाहीत, चार ते सहा आठवडे थांबतात. लगेच सुरू केल्या तर जास्त रुग्ण दगावतात हे अभ्यासात दिसलं आहे. नातेवाईक म्हणतात, केंद्राने गोळ्या अडवून धरल्या. तसं नसतं.

पागोळी (२ ऑगस्ट, दुपारी १२:५०)

मी हा धागा तीन वेळा वाचला. माझ्या आईला संधिवातासाठी चार वर्षं स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे. गणपती तोंडावर आलेत. दरवर्षी ती स्वतः माळा साफ करते, आणि आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पारवे बसतात, विष्ठेचा थर असतो. तिला कसं थांबवू? आणि साफ कसं करायचं?

काचपट्टी (२ ऑगस्ट, दुपारी ३:१५)

घाबरू नका. चार वर्षं ती साफ करतेय आणि तिला काही झालेलं नाही, ही चांगलीच गोष्ट. पण यंदापासून तिने माळ्यावर जायचं नाही. दुसऱ्या निरोगी माणसाने करावं. कोरडं झाडू-खराटा मुळीच नको, तोच कणांचा धुरळा उडवतो. आधी पाणी मारून थर पूर्ण भिजवायचा, मग फावड्याने ओला ओलाच खरवडून पिशवीत बांधायचा. नाकातोंडाला एन९५ मास्क, हातात मोजे. आई तेवढा वेळ शेजारी. कौलांच्या फटींना जाळी मारली तर पुढच्या वर्षी हा प्रश्नच नाही.

आईला लागोपाठ आठवडाभर डोकेदुखी झाली, किंवा बरेच दिवस खोकला हटला नाही, तर डॉक्टरांना ही औषधं चालू आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा. औषधं मनाने बंद करू नका. स्टेरॉइड एकदम थांबवणं त्याहून धोक्याचं.

चाकरमानी (२ ऑगस्ट, रात्री १०:०५)

दादरचा कबुतरखाना बंद केला तेव्हा इतका वाद झाला, त्यात हा आजार कोणी बोललं नव्हतं, फुप्फुसाचंच ऐकलं. आणि कोविडनंतरची काळी बुरशी ती हीच का? तेव्हाही अँफोटेरिसिन मिळत नव्हतं, माझ्या साहेबांच्या भावासाठी आम्ही रात्रभर फोन करत होतो.

काचपट्टी (३ ऑगस्ट, सकाळी ८:४०)

नाही, ती म्युकरमायकोसिस. ती धागे धरणारी बुरशी, नाकातून-सायनसमधून डोळ्याकडे आणि मेंदूकडे रक्तवाहिन्या कुरतडत जाते, दिवसांच्या हिशेबात. मधुमेह हाताबाहेर असलेल्यांत आणि स्टेरॉइड जास्त झालेल्यांत २०२१ मध्ये ती आपल्याकडे उसळली. औषध मात्र तेच, म्हणून तुटवडा. हे औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. बुरशी मातीतली आणि तिच्यावरचं औषधही मातीतलं, हे मला दर वेळी नवल वाटतं.

कबुतरांमुळे फुप्फुसाचा जो आजार होतो तो विष्ठा-पिसांच्या ॲलर्जीचा, वेगळा. आणि क्रिप्टोकॉकस माणसाकडून माणसाला लागत नाही. भावोजींचं ताट-पेला वेगळा ठेवायची गरज नाही.

आडबंदर (३ ऑगस्ट, रात्री ८:५५)

हे शेवटचं वाक्य मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या आत्याने गेले दोन महिने त्यांचा पेला वेगळा ठेवला होता. आज तिनेच तो बाकीच्या भांड्यांत नेऊन ठेवला.

काचपट्टी, एक विचारायचं राहिलं. मागच्या आठवड्यात रक्ताची अँटिजेन पट्टी पुन्हा पॉझिटिव्ह आली. ताई तेव्हापासून झोपलेली नाही.

काचपट्टी (३ ऑगस्ट, रात्री ९:२०)

ताईंना आत्ताच सांगा. ती पट्टी कवचाचे कण ओळखते, आणि मेलेल्या यीस्टचं कवच शरीरात महिनोन् महिने राहतं. बरं झालेल्यांचीही ती पॉझिटिव्ह राहते, म्हणून बरं होतंय की नाही हे तिच्यावरून ठरवत नाहीत. डोकं दुखत नाही, दिसायला नीट आहे, पाण्याचं कल्चर कोरं आहे, हे बघायचं. पुन्हा दुखायला लागलं तर मात्र थांबायचं नाही.

सुरंगी (२४ ऑगस्ट, सकाळी ६:५०)

हातातहात, तुमका सांगूचा होता. भाऊ गेल्यापासना वहिनीन आपली तपासणी कधी केलीच नव्हती. ह्यो धागो मी तिका वाचून दाखवलंय. ती कायच बोलाक नाय, दोन दिवसांनी म्हणाली, चल. आमी जिल्ह्याच्या केंद्रार गेलो. पॉझिटिव इली. सीडी४ १३८. मी तुमी लिवलेला तसा विचारलंय, ती पट्टी करतास काय म्हणान. थयच्या ताईन लगेच केल्यान. वहिनी माझो हात धरून बसली होती, दहा मिन्टां.

एकच रेघ इली. रक्तात बुरशी नाय.

गोळये चालू झाले. आयेक तिनाच सांगितल्यान, काल राती, चुलीकडे बसान. आये कायच बोलाक नाय, उठान तिच्यासाठी पेज वाढल्यान. पुढच्या सोमवारी परत बोलावल्यानी हत, मी वांगडा जातलंय.